विळा, काठी, भाकरी, खुर्ची

माझी बायको इतकी वर्षं माझ्याबरोबर राहिली आणि गेली, तिलाही हे ठाऊक नव्हतं. पोरांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्हाला माझं तोंड दिसत नाही. समोर बसला असता तर मी चहाचं विचारलं असतं, उसाच्या दराचं काढलं असतं आणि विषय बदलला असता. त्यात मी पटाईत आहे.

गोष्ट एका गाडीच्या नंबरची आहे. हसू नका. चार आकडे — त्यात माणूस असं काय पाप करणार? मीही तेव्हा स्वतःला हेच विचारत होतो. रोज विचारत होतो, आणि रोज तेच करत होतो.

आधी आईबद्दल सांगतो. नाहीतर नंबराचं कळायचं नाही.

आम्ही कुंडलचे. वडील लवकर गेले. थोडं रान, एक म्हैस, आई आणि आम्ही दोघं भाऊ. मी वसंत, थोरला. माझ्या पाठचा सर्जेराव. आईला अक्षराची ओळख नव्हती, सगळीकडे अंगठा. पण चार आकडे तिला वाचता येत होते. सर्जा पलटणीत भरती झाला आणि त्याची पत्रं यायला लागली तेव्हा शिकली. आमच्या आळीतली आणखी पाच-सहा पोरं फौजेत होती, आणि पोस्टमन सगळ्यांचा गठ्ठा आमच्याच कट्ट्यावर टेकवून पाणी प्यायचा. प्रत्येक पत्रावर पाठवणाऱ्याचा फौजी नंबर असायचा, इंग्रजी आकड्यांत, लांबलचक. सर्जाच्या नंबरातले शेवटचे चार आकडे होते सात, एक, शून्य, चार. मी आईला ते एकदा बोट ठेवून दाखवले. तिनं लगेच त्यांना आपली नावं देऊन टाकली. सात म्हणजे विळा. एक म्हणजे काठी. शून्य म्हणजे भाकरी. आणि चार म्हणजे उपडी टाकलेली खुर्ची.

"विळा, काठी, भाकरी, खुर्ची — ह्ये माजं," असं म्हणून ती गठ्ठ्यातून बरोबर आपलं पत्र उचलायची. एकदासुद्धा चुकली नाही. मग ते पत्र पदराखाली धरून मी सांगलीहून येईपर्यंत थांबायची, कारण वाचून दाखवायला मी लागायचो. पण कुणाचं आहे, हे सांगायला तिला कुणी लागत नव्हतं. त्याचा तिला केवढा तोरा होता! शेजारच्या बायकांना म्हणायची, "मला न्हाई बाई दुसऱ्याचं डोळं लागत."

एकाहत्तरच्या लढाईत तार आली. तारेतही नंबर होता. आईनं तो बघितला आणि ती हसली. "सर्जाचं हाय," म्हणाली, "वाच की रं." त्या दिवशी मी नेमका घरी होतो. मी वाचलं.

आता माझ्याकडे येतो. यायलाच लागेल.

साताऱ्याला भरतीला आम्ही दोघं भाऊ एकाच दिवशी उभे राहिलो होतो. छातीवर शाईनं नंबर घालायचे. सर्जाची छाती मापात बसली. माझी अर्धा इंच कमी पडली. अर्धा इंच! मी घरी येऊन विहिरीवर त्या शाईवर वीट घासली. सर्जानं आपल्या छातीवरचा नंबर धुवायचं चार दिवस टाळलं, उघडाच हिंडत होता, आणि आई भाकरी थापता थापता त्याच्याकडे बघून हसत होती. मला काय वाटलं? हेवा वाटला. दुसरा शब्द कशाला शोधू? मी सांगलीत एका पेढीवर कारकून म्हणून लागलो. ट्रक, टेम्पो, मोटारी घ्यायला कर्ज देणारी पेढी. मी दर शनिवारी घरी जायचो, पगार आईच्या हातावर ठेवायचो. ती म्हणायची, "ठेव तितं." आणि सर्जाची मनिऑर्डर आली की देवापुढे ठेवायची.

तो गेला तेव्हा मी रडलो, खोटं नाही. पण तो गेल्यावरही हेवा गेला नाही. मेलेल्या भावाचा कुणी हेवा करतं का? मी करत होतो.

मग हणमंत आला.

हणमंत रहिमतपूरकडचा, सातारा जिल्ह्यातला. सर्जाच्याच पलटणीत, त्याच्याच तुकडीत. सर्जाची लोखंडी ट्रंक घेऊन तो आमच्या दारात उभा राहिला आणि आईच्या पायावर डोकं ठेवून असा रडला की आईलाच त्याला गप करावं लागलं. त्याला आईबाप नव्हते. फौजेतून सुटून आल्यावर तो महिन्या-दोन महिन्यांनी यायला लागला. येताना कधी चिक्की, कधी आईला गुडघ्याचं तेल. आई त्याला सर्जाच्या ताटात वाढायची. ते ताट ती मला कधी देत नसे, एकदा मी उचललं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं, दुसरं घे." आणि हा परका माणूस त्यात ठेचा कालवून खात होता, आणि आई त्याला तूप वाढत होती! वर हा तिला पलटणीतल्या सर्जाच्या खोड्या सांगायचा. आई खळाळून हसायची. मी सख्खा मुलगा. मला तिला असं हसवता आलं नाही कधी.

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. नव्हता. मला "दादा" म्हणायचा आणि माझी सायकल पुसून द्यायचा.

पंचाहत्तरच्या आसपास त्यानं लष्करानं काढून टाकलेली एक जीप लिलावात घेतली. सातारा-सांगली वडापला, म्हणजे माणसं भरून न्यायला. पैसे कमी पडत होते. कर्ज आमच्या पेढीनं दिलं. ते मीच बघून दिलं, आईनं सांगितलं म्हणून. लष्कराची गाडी नागरी रस्त्यावर आणायची तर तिला नवा नंबर घ्यावा लागायचा, आणि ते काम साताऱ्याच्या आरटीओ हापिसात.

एका रविवारी हणमंत आमच्या कट्ट्यावर बसला होता. म्हणाला, "आय, फी भरली की आपल्या पसंतीचा नंबर देत्यात. आपल्या जीपला सर्जाचा नंबर घ्यायचा. फुडनं बी त्यो, मागनं बी त्यो. मी दारात आलो की तू लांबनंच वळखायचं."

आई उठून आत गेली आणि डब्यातले, करडू विकून आलेले पैसे घेऊन आली. "फी मी भरणार," म्हणाली. "माज्या लेकाचा नंबर हाय."

हे मला का सुचलं नाही? सांगा ना! भाऊ माझा, आई माझी — आणि सुचलं त्याला. मला सुचून तरी काय उपयोग होता? माझी सायकल. तिला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला. मी तिथंच बसलो होतो, हातात शेंगा होत्या, आणि त्या मला गोड लागेनात.

आता इथं एक नियम होता. कर्जाची गाडी फिटेपर्यंत पेढीची. तिच्या पुस्तकावर पेढीचं नाव. त्यामुळे असा खास नंबर घ्यायचा तर पेढीचं हरकत नसल्याचं पत्र लागायचं, त्या पत्राची पेढी वेगळी फी घ्यायची, आणि ते पत्र साताऱ्याला पोचल्याशिवाय तिकडे नंबराची सरकारी फी कुणी भरून घ्यायचं नाही. पत्र तयार करायचं काम माझं. रवाना करायचं कामही माझंच.

आईच्या पैशांतली पेढीची फी मी भरली, पावती फाडली. उरलेले हणमंतानं साताऱ्याला भरायचे होते. पत्र मी टाईप केलं, साहेबांनी सही केली. हणमंत समोरच्या बाकावर बसला होता. म्हणाला, "दादा, द्या हितंच, मीच नेतो. तितं सात हजाराची ओळ चालू झालीय, आट-धा दिसांत आपला नंबर येतोय बगा."

मी म्हणालो, "पत्र पेढीकडून टपालानंच जावं लागतं. नियम आहे."

नियम होता. पण दहातल्या आठ जणांना आम्ही पत्र हातातच देत होतो. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. हणमंत फौजेतला. नियम म्हटल्यावर त्यानं वाद घातला नाही. सलाम ठोकून गेला.

ते पत्र मी जावक वहीत चढवलं. तारीख घातली, पत्ता घातला, "टपालाने रवाना" असं सुंदर अक्षरात लिहिलं. आणि पाकीट माझ्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवलं.

तुम्ही म्हणाल, रागाच्या भरात झालं असेल. नाही हो. राग एका दिवसात जातो. हे अकरा दिवस चाललं. रोज सकाळी खण उघडायचो, पाकीट आहे ना बघायचो, खण लावायचो. एका शुक्रवारी मी ते घेऊन टपालपेटीपर्यंत गेलो, खरंच गेलो. पण पेटी भरली होती, पाकीट नीट आत जाईना, म्हणून म्हटलं, सोमवारी टाकू. मध्ये रविवार आला. मी घरी गेलो. आई अंगणात जीप लावायला जागा करत होती, दगड वेचत होती. गावभर सांगून झालं होतं तिचं. नारळ आणून ठेवला होता. मी पिशवी खाली ठेवली तर पाठमोरीच म्हणाली, "आलास व्हय रं हणमंता?"

सोमवारी पाकीट खणातच राहिलं.

बाराव्या दिवशी हणमंत सांगलीला आला. पत्र पोचलं नव्हतं, नंबर पुढे गेला होता, आणि सात-एक-शून्य-चार दुसऱ्याच कुणाला तरी आपसूक लागून गेला होता. हणमंताचा चेहरा उतरला होता. मी वही त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती नोंद बोट फिरवून वाचली, आणि उलट माझीच समजूत घालायला लागला. "तुमी तर धाडलंय की, दादा. वाटंत कुटं तरी गहाळ झालं आसंल. तुमी नगा मनाला लावून घिऊ." मी त्याला चहा पाजला. चहा, मी सांगितलं ना तुम्हाला?

आईला काय सांगायचं? ते मीच सांगितलं. म्हणालो, "आय, तो नंबर सरकारनं कुणालाच दिला न्हाई. शहिदाचा नंबर हाय म्हणून राखून ठेवला." हणमंत शेजारी उभा होता, त्याला माहीत होतं की हे खोटं आहे. पण त्याला वाटलं, दादा आईचं मन राखतोय. तोही मान हलवून "व्हय आय" म्हणाला. पेढीच्या फीचे पैसे माझ्या पगारातून घालून मी आईला सगळे परत केले, "सरकारनं परत दिले" म्हणून. बघा केवढा प्रामाणिक! आईनं ते घेतले नाहीत. सर्जाच्या पत्रांच्या गठ्ठ्यात बांधून ठेवले. जीप आली तेव्हा तिनं भलत्याच आकड्यांकडे क्षणभर बघितलं, नारळ फोडला आणि कुंकू चाकाला लावलं. पाटीला लावलं नाही.

पण खरं सांगू? तिला माझं ते खोटं आवडलं. कुणालाच दिला नाही, म्हणजे तो नंबर सर्जाचा एकट्याचा. ती बायकांना सांगायची, आणि मी ऐकायचो. मला वाटलं, झालं, मिटलं.

इथं संपलं असतं तर मी तुम्हाला हे लिहिलंच नसतं. एक पाकीट खणात राहिलं, एवढ्यावर माणूस म्हातारपणी जागा राहत नाही.

तीनेक वर्षं गेली. आईच्या डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून मी तिला मिरजेला डॉक्टरांना दाखवून आणलं. ते म्हणाले, नजर चांगली आहे, धुळीनं होतंय, थेंब घाला. दुसऱ्या दिवशी मी तिला कुंडलला सोडायला निघालो. वाटेत माधवनगरला माझं एका गिरणीत काम होतं, म्हणून तिथं उतरलो. भर दुपार. रेल्वेचं फाटक पडलं होतं, गाड्यांची रांग लागली होती. आम्ही कडेनं चाललो होतो. सुताच्या गठड्या भरलेला एक ट्रक उभा होता. आई थांबली.

मी दोन पावलं पुढे गेलो होतो. मागं वळून बघितलं तर ती ट्रकच्या मागं उभी होती, आणि तिचं बोट हळूहळू पाटीवरून फिरत होतं.

"विळा... काठी... भाकरी..."

मग तिनं दोन्ही तळवे त्या पाटीवर ठेवले, तापलेल्या पत्र्यावर, आणि मोठ्यानं म्हणाली, "वसंता, आरं सर्जाचा नंबर! ह्यो बग, ह्यो हितं हाय!"

मी बघितलं. सात, एक, शून्य, चार. पांढऱ्यावर काळे, ठसठशीत. बरोबर वाचलं होतं तिनं.

क्लीनर वरून ओरडला, "ओ आजी, सरा की बाजूला, फाटक उघडाय लागलंय!"

मला एका क्षणात सगळं दिसलं. ती आता हणमंताला सांगणार. ट्रकला नंबर मिळाला तर आपल्याला का नाही, असं विचारणार. हणमंत काही बोलला नाही तरी त्याला ती वही आठवणार. मी तिचा दंड धरला आणि तिला ओढून बाजूला घेतलं.

"आय, त्यो न्हाई," मी म्हणालो. "चुकलीस तू. पयला विळा न्हाई, नव हाय त्यो. आणि ती खुर्ची बी न्हाई."

"न्हाई?"

"न्हाई."

ट्रक हलला. ती त्या पाटीकडे बघत राहिली, फाटकापलीकडे जाईपर्यंत. मग आपल्या तळव्यांकडे बघितलं, त्यांना धूळ लागली होती. ती पदराला पुसली. म्हणाली, "मला तर त्योच दिसला रं." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाली, "तरी डाक्टर म्हणतोय डोळं चांगलं हायत."

मी म्हणालो, "डाक्टरला काय कळतंय."

हा माझा गुन्हा. पाकीट नव्हे. आईला अख्ख्या जगात चार आकडे वाचता येत होते, आणि ते मी तिच्याकडून काढून घेतले. भर रस्त्यात, तिचा दंड धरून. तिनं बरोबर वाचलं होतं.

ती त्यानंतर आठ-नऊ वर्षं जगली. हणमंत येत राहिला. तिच्या शेवटच्या आजारात रात्रंदिवस तोच बसला, खांदाही दिला. त्याला मी कधीच काही सांगितलं नाही. तोही गेला आता.

सर्जाची पत्रं आई दर वर्षी त्याच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी बाहेर काढायची. पूर्वी एकटीच बाहेरच्या सोप्यात बसायची, आकड्यांवर बोट फिरवायची, पत्रं लावून ठेवायची. माधवनगरनंतर ती माझी वाट बघायला लागली. मी पोचलो की हात धुवायच्या आतच गठ्ठा घेऊन समोर बसायची आणि एकेक पत्र माझ्या हातात द्यायची. "बग रं वसंता, ह्ये त्याचंच हाय न्हवं? मला आताशा उमगत न्हाई."

त्या गठ्ठ्यात दुसऱ्या कुणाचं पत्र नव्हतंच. सगळी त्याचीच होती. तरी मी प्रत्येक पत्र उजेडात धरायचो, आकडे बघायचो आणि म्हणायचो, "व्हय आय. त्याचंच."

ती खूश व्हायची. माझ्या पाठीवरून हात फिरवायची, मला सर्जाच्या ताटात वाढायची.

आणि मला ते आवडायचं. दर वर्षी मी त्या दिवसाची वाट बघायचो.